मंडळी, कीर्तन आणि साक्ष : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील सामायिक निरूपण

१

मराठीत 'मंडळी' हा शब्द निदान तीन अर्थांनी वापरात होता. कीर्तनकार समोर बसलेल्या श्रोत्यांना 'मंडळी' म्हणून हाक देतो. मराठी ख्रिस्ती समाजात उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या धर्मसंघाला 'मंडळी' म्हणतात आणि बायबलच्या मराठी भाषांतरांनीही हाच शब्द स्थिर केला आहे. जुन्या पिढीतील गृहस्थ पत्नीचे नाव उच्चारणे टाळीत, तेव्हा तेही 'आमची मंडळी' असेच म्हणत. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या वाङ्मयाचा एकत्र विचार करू लागलो की हे तिन्ही अर्थ एका ठिकाणी येऊन मिळतात. टिळक कीर्तनकार होते, ख्रिस्ती मंडळीचे सेवक होते आणि त्यांची सर्वांत अवघड श्रोती त्यांच्या घरातच होती.

धर्माविषयी बोलण्याचा अधिकार दीक्षा घेतलेल्या पाळकाचा, की मंडळीतील प्रत्येकाचा, हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेत फार जुना आहे. तो प्रामुख्याने धर्मशास्त्राचा प्रश्न मानला जातो. परंतु अधिकार प्रत्येकाचा आहे असे एकदा मानले, की पुढचा प्रश्न अपरिहार्यपणे वाङ्मयाचा होतो : प्रत्येकाने बोलावयाचे ते कोणत्या भाषेत, कोणत्या प्रकारात आणि कोणाच्या वतीने? व्यासपीठावरील उपदेशाचे सर्वनाम 'तुम्ही' आहे, कीर्तनाचे 'आपण' आणि साक्षीचे 'मी'. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास या तीन सर्वनामांच्या आधारे वाचता येतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. टिळक पतिपत्नींचे वाङ्मय या दृष्टीने पाहिले असता त्यांच्या लेखनाचे नेहमीचे मूल्यमापन काही ठिकाणी बदलावे लागते.

२

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने मंडळीच्या बैठकीचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात कोणाजवळ स्तोत्र आहे, कोणाजवळ शिक्षण आहे, कोणाजवळ प्रकटीकरण आहे. प्रत्येकाने आपापले आणावयाचे आहे. सामायिक निरूपणाचे समर्थक नेहमी या अध्यायाचा आधार घेतात. याच अध्यायाच्या उत्तरार्धात स्त्रियांनी मंडळीत मौन धरावे अशी आज्ञाही आहे, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. बोलण्याची मुभा आणि मौनाची आज्ञा एकाच पानावर असावी, ही विसंगती पुढच्या सर्व इतिहासात टिकून राहिली. सतराव्या शतकातील क्वेकर पंथीयांनी व्यासपीठच काढून टाकले; सर्वांनी शांत बसावे आणि ज्याला किंवा जिला प्रेरणा होईल तिने उठून बोलावे, असा परिपाठ त्यांनी पाडला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली याने दीक्षा न घेतलेल्या साध्या माणसांना उपदेशक म्हणून पाठवले, तेव्हा प्रस्थापित धर्मसंघाला तो मर्यादाभंग वाटला.

महाराष्ट्रात हा प्रश्न अमेरिकन मराठी मिशनबरोबर आला. या मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली अहमदनगरला त्यांचे केंद्र सुरू झाले. (या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पुढे त्या काळचेच नाव ठेवले आहे.) हे मिशन ज्या संप्रदायातून आले त्याचे तत्त्व असे, की प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते आणि तिचा कारभार तिच्या सभासदांनीच पाहावयाचा असतो. प्रत्यक्षात पैसा परदेशातून येई, पाळक आणि उपदेशक मिशनचे पगारी नोकर असत, आणि उपदेशाचा साचाही बाहेरूनच आला होता : एक वचन घ्यावयाचे, त्याचे मुद्दे पाडावयाचे, प्रत्येक मुद्द्याचे विवरण करावयाचे आणि शेवटी तो श्रोत्यांच्या आचरणाला लागू करावयाचा. हा साचा निरुपयोगी होता असे नाही. शालेय शिक्षणाला वंचित राहिलेल्या अनेकांना मुद्देसूद विचार करण्याची पहिली ओळख त्यातूनच झाली. परंतु त्यात बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक, ही वाटणी पक्की होती.

मराठी ख्रिस्ती गद्याची सुरुवात या साच्याच्या छायेत झाली. बेळगावात जन्मलेले आणि १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी (१८३१-१९०६) हे त्या गद्याचे अध्वर्यू. 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीत विधवांच्या हालांचे जे दर्शन आहे त्याची सत्यता आजही जाणवते. पण पात्रे बोलू लागली की त्यांच्या तोंडून लेखकाचे प्रतिपादन ऐकू येते. 'अरुणोदय' हे आत्मचरित्र लिहितानासुद्धा बाबा आपला प्रवास मुख्यतः वाचन, वाद आणि निष्कर्ष या क्रमाने मांडतात. तेथे 'मी' आहे, परंतु तो वाचकासमोर आपली बाजू मांडणारा, त्याला पटवू पाहणारा 'मी' आहे. वाचक 'तुम्ही'च राहतो.

३

याहून वेगळी एक परंपरा गोमंतकात आधीच निर्माण झाली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची रचना संवादाची आहे : नवख्रिस्ती श्रोते प्रश्न विचारतात आणि पाद्री उत्तर देतो. गुरूचे आसन कायम असले, तरी श्रोत्याच्या शंकेला त्यात स्थान आहे. हे पुराण छापील प्रतींपेक्षा हस्तलिखितांतून आणि पठणातून अधिक काळ जगले. गोव्याहून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या पोथ्या बरोबर नेल्या, आणि जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली त्याची आवृत्ती प्रसिद्ध केली ती मंगळूरहून. पोथी वाचणारा दीक्षित असावाच लागतो असे नाही, हा पुराणश्रवणाचा संकेत येथे ख्रिस्ती कथेच्या उपयोगी पडला.

एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीने कीर्तन स्वीकारले तेव्हा असाच दुसरा संकेत आत आला. टिळकांच्या आधी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगरला राहून त्या वाटेचा राजमार्ग केला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे ते सांगत. या उद्गाराचा अर्थ बहुधा तात्त्विक अंगाने लावला जातो. भक्तिमार्ग आणि ख्रिस्ती कृपा यांतील साम्य दाखवले जाते. त्याचा दुसराही एक अर्थ आहे. तुकारामाकडून टिळकांनी बोलण्याची एक रीत घेतली. तुकाराम हा कोणत्याही पीठाचा आचार्य नव्हता. त्याचा अधिकार त्याच्या अनुभवाचा होता आणि तो अनुभव सांगण्यासाठी त्याच्याजवळ अभंग होता. कीर्तनाचे मोल घेऊ नये, हा संतांचा दंडकही या रीतीचाच भाग होता.

कीर्तनात कीर्तनकार उभा असतो आणि श्रोते बसलेले असतात हे खरे. तथापि ध्रुपद टाळकऱ्यांनी उचलले आणि श्रोत्यांनी त्याला साथ दिली, की तेवढ्यापुरते निरूपण सर्वांचे होते. 'तुम्ही'चे 'आपण' होते. कीर्तनापेक्षाही हे भजनात अधिक घडते, कारण भजनाला वेगळा श्रोता उरतच नाही. टिळकांच्या गीतांचे खरे जीवन या भजनात आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासनासंगीता'त त्यांच्या गीतांचा मोठा वाटा आहे. ज्यांनी त्यांची कविता छापील स्वरूपात कधी वाचली नाही, अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्त्रीपुरुषांना ही गीते मुखोद्गत होती.

येथे टिळकांच्या कवितेविषयी एक निवाडा करणे भाग आहे. निसर्ग आणि बालजीवन यांवरील कवितांमुळे 'फुलामुलांचे कवी' म्हणून मराठी काव्यसमीक्षेने त्यांना गौरवले आणि त्यांची भक्तिगीते सांप्रदायिक म्हणून बाजूला ठेवली. मला हा क्रम उलटा वाटतो. त्यांच्या भक्तिगीतांत सर्वत्र सारखी गुणवत्ता नाही. जेथे ते सिद्धांत पटवू लागतात तेथे व्यासपीठ पुन्हा डोके वर काढते आणि अभंगाची लय शिथिल होते. परंतु जेथे ते ख्रिस्ताशी थेट, लडिवाळपणे, प्रसंगी भांडखोरपणे बोलतात, तेथे त्या गीतातील 'मी' असा घडलेला असतो, की गाणाऱ्या कोणालाही तो आपला वाटावा. सामायिक निरूपणाला अशा दुसऱ्यास देता येणाऱ्या 'मी'ची गरज असते. ज्याला स्वतःचे शब्द सुचत नाहीत त्याला हा 'मी' वाचा देतो.

४

मात्र दिलेली वाचा आणि स्वतःची वाचा यांत अंतर राहते. ते टिळकांना जाणवले होते असे दिसते. त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली होती, अहमदनगरच्या धर्मशास्त्रविद्यालयात ते शिकवीत होते, आणि 'ज्ञानोदय' या १८४२ पासून चालत आलेल्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून त्यांच्याकडे होते. संस्थेने देता येण्याजोगे बहुतेक सर्व काही त्यांना दिले होते. तरीही १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य या दरबारात बंधुभावाने एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती.

त्याच दशकात, १९१० साली, बेंगळूरमध्ये युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज स्थापन झाले. निरनिराळ्या मिशनांच्या उमेदवारांना तेथे एकत्र आणि इंग्रजीतून उच्च धर्मशिक्षण मिळू लागले. भारतीय मंडळीला आपल्या पायावर उभे करावयाचे तर कसे, या एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे होती. एकाने सुविद्य भारतीय पाळकवर्ग घडवण्याचा मार्ग घेतला. दुसऱ्याने पाळक आणि मंडळी यांतील भिंतच सैल करण्याचा. पहिले उत्तर संस्थेच्या रूपाने टिकले. दुसरे टिळकांच्या निधनाबरोबर, म्हणजे दोन वर्षांच्या आत, संपल्यासारखे झाले. पुढे बेंगळूरमध्येच १९५७ साली स्थापन झालेल्या, ख्रिस्ती धर्म आणि समाज यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने आपल्या ग्रंथमालेत १९७९ साली पी. एस. जेकब यांचा टिळकांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि टिळकांच्या अनुभवनिष्ठ प्रतिसादाला भारतीय ख्रिस्ती चिंतनात स्थान दिले. ज्या प्रकारच्या विद्याकेंद्राकडे टिळकांनी पाठ फिरवली, त्याच प्रकारच्या केंद्राने त्यांची दखल घ्यावी, यात न्याय आहे.

दरबार का टिकला नाही, याचे उत्तर केवळ टिळकांच्या अकाली मृत्यूत शोधणे पुरेसे नाही. 'दरबार' या शब्दातच एक आसन गृहीत आहे. ते देवाचे आहे असे कितीही म्हटले, तरी त्याच्या शेजारी संन्यस्त कवीची मूर्ती उभी राहते आणि बाकीचे तिच्याकडे पाहू लागतात. सामायिकतेचा आग्रह धरणारे व्यक्तिमत्त्व जितके तेजस्वी, तितके इतरांचे बोलणे अवघड होते. टिळकांच्या घरात हे रोज घडत होते, आणि त्याची नोंद घेणारी व्यक्तीही त्याच घरात होती.

५

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी ग्रंथरूपाने येऊ लागली. या ग्रंथाची थोरवी आता निर्विवाद आहे. १९५० साली ई. जोसेफिन इंक्स्टर यांनी आणि २०१७ साली शांता गोखले यांनी तो इंग्रजीत नेला. तथापि त्याचे वाचन दोन टोकांना होत आले आहे. मराठी वाचकाने त्यातील विनोद, संसाराची ओढाताण आणि निर्व्याज भाषा यांवर प्रेम केले आणि श्रद्धेचा भाग आदराने ओलांडला. भाविक ख्रिस्ती वाचकाने धर्मांतराची कथा म्हणून तो जवळ केला आणि विनोद हा लेखिकेचा स्वभावविशेष मानला. दोन्ही वाचनांत ग्रंथाचे तुकडे होतात. लक्ष्मीबाईंचा विनोद आणि त्यांची श्रद्धा ही एकाच वृत्तीची रूपे आहेत, आणि ती वृत्ती साक्षीदाराची आहे.

साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगावयाचे असते. निष्कर्ष काढण्याचे काम त्याचे नव्हे. लक्ष्मीबाईंचे बालपण अशा घरात गेले, की जेथे वडिलांचे सोवळे वाणसामानसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत गेले होते. वयाच्या बाराव्या वर्षाच्या आतबाहेर लग्न झाले ते अशा पुरुषाशी, की जो हाती आलेला पैसा वाटेत कोणाला तरी देऊन मोकळा होई आणि घरी न सांगता गावेच्या गावे पालथी घाली. पतीने धर्म बदलल्यावर काही वर्षे त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्याच्याजवळ येऊनही त्यांनी आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवले. या सर्व काळात टिळकांचे वक्तृत्व सभा गाजवीत होते. परंतु 'स्मृतिचित्रां'तील निर्णायक क्षण प्रवचनाचा नाही. एकटी बसून विचार करताना लक्ष्मीबाईंच्या मनात येते, की जाती देवाने केल्या की माणसांनी? त्या माणसांनीच केल्या, असा त्यांचा निश्चय होतो आणि मग तो निश्चय त्या खाण्यापिण्याच्या व्यवहारात लगेच अमलात आणतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

हा क्रम फार अर्थपूर्ण आहे. येथे श्रद्धेचा उगम सिद्धांताच्या स्वीकारात दाखवलेला नाही. ज्या सोवळ्याने आयुष्य जखडले होते त्याची गाठ आतून सुटण्यात दाखवला आहे. सांगणाऱ्या स्त्रीला आपल्या या निर्णयाचे महत्त्व ठाऊक आहे, पण ती वाचकाला 'तुम्हीही असे करा' असे कुठे सुचवीत नाही. ती टिळकांचे हसे करते, स्वतःचे त्याहून अधिक करते, आणि टिळकांच्या मोठेपणाला त्यामुळे रतिमात्र उणेपणा येत नाही. निरूपण ज्याच्यावर झाले त्या श्रोत्याने निरूपणकाराचे केलेले हे चित्रण आहे. न पटण्याचा आणि उशिरा पटण्याचा हक्क ज्या श्रोत्याने वापरला आहे, त्याच्याच पटण्याला वजन येते. भजनातील 'मी' कोणालाही उचलून घेता येतो. लक्ष्मीबाईंचा 'मी' कोणालाच उचलून घेता येत नाही. तो वाचकाला त्याच्या स्वतःच्या 'मी'पाशी आणून सोडतो.

'ख्रिस्तायना'शी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. टिळकांच्या हातून हे ओवीबद्ध काव्य प्रारंभीच्या दहाएक अध्यायांच्या पुढे फारसे गेले नाही. पुढचा प्रचंड भाग लक्ष्मीबाईंनी रचला, शेवटचा हात पुत्र देवदत्त यांनी फिरवला आणि १९३८ साली, लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर, ते प्रसिद्ध झाले. एका कुटुंबातील तिघांनी मिळून केलेले निरूपण म्हणून त्याचे मोल मोठे आहे. मात्र तेथे लक्ष्मीबाईंना पुराणिकाचे आसन घ्यावे लागले. कथा आधीच ठरलेली, श्रोता आधीच भाविक. त्यांची ओवी सुबोध आणि प्रासादिक आहे, पण गद्यातील तो चुणचुणीत, शंका घेणारा आवाज तिच्यात क्वचितच ऐकू येतो. परंपरेने दिलेले आसन आणि स्वतःचा आवाज ही दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, याचा हा पडताळा आहे.

६

स्त्रीच्या मौनाचा जो दंडक मघाशी सांगितला, त्याच्याशी पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी उघड झुंज दिली. पुराण सांगत देशभर फिरलेल्या अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या स्वतःही पुराण सांगे. निरूपण तिला नवे नव्हते. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर आपल्या विवेकाला न पटणारे मत केवळ धर्मसंघाच्या अधिकारामुळे स्वीकारण्यास तिने नकार दिला. हा वाद तिच्या १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारात वाचावयास मिळतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जी धर्मजागृती झाली, तीत आश्रित मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि त्यांचे गट आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगावयास निघाले. १९०७ साली रमाबाईंनी आपल्या श्रद्धेची कहाणी लिहिली ती 'साक्ष' म्हणूनच.

पण मुक्तीमधील त्या मुलींची साक्ष कोठे आहे? येथे आपल्या परंपरेतील मोठी उणीव मान्य केली पाहिजे. टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई हे तिघेही ब्राह्मण कुळांत जन्मलेले. अहमदनगर परिसरातील मंडळ्यांचा बहुसंख्य समाज महार आणि मांग समाजांतून आलेला होता. अभंग, ओवी, कीर्तन यांवर त्याचाही वारसाहक्क होता. तरी छापील पानावर त्याचा 'मी' फारच क्वचित उमटला. १८५५ साली 'ज्ञानोदया'त जोतिराव फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या मांग समाजातील विद्यार्थिनीचा, मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती ख्रिस्ती मंडळीची सभासद म्हणून लिहीत नव्हती. वेद ज्यांना वाचूच देत नाहीत त्यांचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता, आणि तिचे सर्वनाम 'आम्ही' होते. धर्माविषयी बोलण्याचा अधिकार एका शाळकरी मुलीने इतक्या सरळपणे बजावलेला त्या शतकात दुसरा आढळणे कठीण. ख्रिस्ती नियतकालिकाने तो निबंध छापला, हे त्याचे श्रेय. परंतु रविवारच्या बैठकीत, चावडीच्या कडेला, दुष्काळाच्या छावणीत ज्यांनी आपली साक्ष तोंडी दिली, त्यांचे शब्द मिशनच्या अहवालांत इंग्रजी सारांशाच्या रूपाने उरले. दरबार भरला, पण त्याची बखर काहींनीच लिहिली.

७

साहित्याच्या अभ्यासकाने या विषयाकडे का वळावे, याचे उत्तर यातून मिळते. वैयक्तिक श्रद्धा आणि सामुदायिक उपासना यांचा मेळ कसा घालावा, हे मंडळीचे मंडळी पाहून घेईल. आपला प्रश्न भाषेचा आहे. सर्वांनी बोलावे असे म्हणणे सोपे असते; प्रत्येकाला बोलता येईल असे प्रकार भाषेत तयार असावे लागतात. मराठीजवळ अभंग होता म्हणून टिळकांना आपला 'मी' हजारोंच्या ओठी देता आला. मराठीजवळ बायकांचे घरगुती, आठवणी सांगण्याचे गद्य होते, पण त्याला वाङ्मय म्हणण्याची कोणाची तयारी नव्हती. लक्ष्मीबाईंनी त्यात श्रद्धेची साक्ष दिली आणि तो प्रकार मराठीला मिळवून दिला. टिळकांचा दरबार साताऱ्यात उठला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र बसावेत, ही त्याची मूळ अट 'स्मृतिचित्रां'च्या वाचकवर्गात मात्र आज नव्वद वर्षे पाळली जात आहे. त्या ग्रंथाभोवती जमणाऱ्या मंडळीत कोणी कोणाला उपदेश करीत नाही. प्रत्येक जण आपापले घर आठवतो. मुक्तीच्या मुलींचे आणि नगरच्या खेड्यांतील त्या अनाम साक्षीदारांचे जे काही शब्द कागदपत्रांत, गीतसंग्रहांत, घराघरांतील वह्यांत शिल्लक असतील, ते शोधून या बैठकीत आणणे हे काम आता पुढच्या अभ्यासकांकडे आहे.